बटणाचा गियर

आष्टी, ता. परतूर
२१ ऑक्टोबर २००१

देवानंदभाऊ,

जयभीम. खुशाली विचारत न्हाई. तू खुशाल आहेस हे मला काल कळलं. खुशाल असल्याबिगर माणसाला सख्ख्या बहिणीवर हरकत घ्यायला सवड कुठून मिळणार?

काल मी चौथीच्या वर्गावर असताना तातेराव शाळेत आले. जालन्याच्या सायकल संघाचे सेक्रेटरी असले तरी ते कसे येतात तुला ठाऊक आहे. फाटकातूनच हाका मारतात, मंग पोरांना गोळ्या वाटतात. काल दोन्ही न्हाई. वर्गाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं कोणी गेलं.

"सत्यशीला, तुझा दुसरा नंबर रद्द झाला," म्हणाले. "राज्याच्या रेसमधून नाव काढलं. पुण्याहून तांत्रिक समितीचा फोन आल्ता. बॅटरीवरचा गियर चालत न्हाई म्हणे. यंत्राची मदत होते."

"हरकत कोणी घेतली? तिसरी आली तिच्या घरच्यांनी?"

"त्यांनी न्हाई घेतली."

"मंग?"

त्यांनी टोपी झटकली, परत झटकली. "समितीत तुझा भाऊच आहे ना," म्हणाले.

चौथीची पोरं ऐकून राह्यली होती. मी त्यांना म्हणलं, पाढे म्हणा. पोरं पाढे म्हणत राहिली आन मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. भाऊ, त्या फळ्यावर काय लिहिलेलं होतं ते मला आत्ता बी सांगता येणार न्हाई.

जालन्याहून वाटूर फाट्यापर्यंत आन परत, अशी ती निवडीची रेस होती. आपल्याच वाटूरच्या रस्त्यानं. तू तिथं नव्हता. तुला कळलं ते पेपरातल्या फोटोवरून, आन ते कात्रण तुला पाठवलं मायनं. तिनं ते स्वतः कापलं. कडा नीट आल्या न्हाईत म्हणून दुसरा पेपर मागून आणला आन परत कापलं. देवाला बघायला आवडंल, म्हणाली. तुला आवडलं. तू त्यातला माझा चेहरा सोडून हँडलवरचं बटण तेवढं बघितलं आन समितीला दाखवलं. मायला मी हे सांगितलेलं न्हाई. तिला वाटून राह्यलंय की तू ते कात्रण भिंतीला लावलं.

आता बटणाचं ऐक. तू विचारलं नसलं तरी.

चार साल झाले मळणी यंत्रानं माझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा राहिला आन त्याच्या शेजारचं अर्धं बोट. तू जालन्याच्या दवाखान्यात आल्ता, एकदाच. सगळा वेळ सलाईनच्या बाटलीकडं बघत बसला आन संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेला. तेव्हापासून मायला तुझं कार्ड येतं आन शेवटच्या ओळीत माझं नाव असतं, मायच्या चष्म्याच्या नंबराच्या खाली.

मागच्या साली तातेरावांच्या बियाण्याच्या कंपनीत एक म्हातारे फ्रेंच साहेब आल्ते. त्यांनी विमानातून आपली रेसची सायकल आणली होती, सकाळी अंबड रस्त्याला फिरायचे. तिच्या मागच्या गियरला तार न्हाई. हँडलवर बटण आहे, ते दाबलं की खालचा गियर ऐकतो. कधी ऐकतो, कधी न्हाई. साहेब वैतागले. त्यांच्या देशात बी लोकांनी हा गियर शिव्या देऊन काढून टाकला म्हणे. परत जाताना सायकल तातेरावांना देऊन गेले आन तातेरावांनी ती आष्टीला माझ्या दारात आणून उभी केली.

बटणाला अर्धं बोट पुरतं, भाऊ. एवढीच त्या यंत्राची मदत.

हरकत मागं घे. घेत नसशील तर मी सुनावणी मागणार आहे, आन ती पुण्यात न्हाई, जालन्यात. मला जे बोलायचं ते मी माझ्या माणसांसमोर बोलीन.

सत्यशीला

•

आष्टी
९ नोव्हेंबर २००१

देवानंदभाऊ,

तुझं कार्ड आलं. मायला न्हाई, मला आलं. चार सालांत पहिलं. आन त्यात लिहिलं काय? "दोन्ही गियरचे खटके डावीकडे बसव. ते न जमल्यास एकाच गियरवर चालव. सवलतीने जिंकली असे कोणी म्हणू नये. मायची काळजी घे." 'जमल्यास' आन 'असे' लिहायला लागलास, बरं झालं, पुण्याला शोभतं.

खटका डावीकडं बसव हे तू मला सांगतोस? अरे, ते मी कवाच केल्तं. आधी तर उजवीकडंच ठेवला होता आन तळहातानं लोटून बघितला. लोटता येतो, पण बराबर जागेवर थांबवता येत न्हाई, त्याला बोटं लागतात. चेन दोन चकत्यांच्या मधे कुरकुरत राहते, न्हाईतर पार सुटून चाकाच्या तारांत जाते. मंग दोन्ही खटके डावीकडं घेतले. आता सांग, तो खटका खालच्या दांड्यावर असतो. तो ओढायला डावा हात हँडल सोडून खाली गेला, तर हँडल कोण धरणार? माझा उजवा? वाटूरच्या अलीकडच्या उतारावर मी एसटीसमोर पडले. ड्रायव्हरनं गाडी बाभळीत घातली म्हणून आज हे लिहून राह्यले. गळ्याचं हाड मोडलं. मायनं तुला ते कळवू दिलं न्हाई, म्हणाली देवाला सायकलवरून घोर नको.

मी दोन्ही ब्रेक एकाच डाव्या मुठीत घेतले तेव्हा मला कोणी सवलतवाली म्हणलं न्हाई. ती बी तर जोडणीच होती. तारेची होती म्हणून चालली. बटणाची आली की तुमच्या समितीला पाप दिसायला लागलं.

आन एकच गियर ठेव म्हणतोस. पुण्याच्या तुझ्या शिकाऊ पोरींना सांग ना, राज्याच्या रेसमधला धावड्याचा चढ एका गियरवर चढा. त्यांना न्हाई सांगणार. मला सांगणार.

तुला वाटत असंल मला तार नको झाली. तसं न्हाई. तारेवर माझा जीव होता, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? वाटूरच्या रस्त्यावर तू मला सायकलवर बसवायचा आन स्वतः मागून पळायचा. डोळे मिट म्हणायचा. "ओढ खटका. आता हातानं सांग, चेन कितव्या चकतीवर बसली." मी सांगायची आन ते खरं निघायचं. तारेतून चेनचं चढणं-उतरणं सगळं बोटात यायचं. माझ्याइतका हलका हात परतूर तालुक्यात कोणाचा न्हाई, असं तूच चारचौघांत म्हणायचा. बटणात तसलं काही येत न्हाई. ते मुकं आहे. दाबायचं, वाट बघायची, मंग खालून टिक ऐकू येतं. कधी येत बी न्हाई. मला ते आवडत न्हाई, भाऊ. पण मला सायकल चालवायची आहे. ज्या हाताचं तू कौतुक करायचा तो हात आता न्हाई. मी त्याचं रडून घेतलं, माय रडली, संपलं. तू अजून त्याचं सुतक धरून बसला आहेस आन त्या सुतकापायी मला बी घरात बसवायला निघालास.

आता शेवटचा शब्द. सवलत.

तो शब्द तुझ्या कार्डावर बघून माझं डोकं फिरलं. तुला मास्तरकीची नोकरी लागली त्या वर्षी तू घरी आल्ता आन जेवताना ताट बाजूला सारलं होतं. मी विचारलं, तू सांगितलं. तुझ्या शाळेतल्या एका मास्तरानं सगळ्यांसमोर म्हणलं होतं, यांचं बरं असतं, यांना धावायची गरज न्हाई, यांची शर्यत आधीच जिंकलेली असते. तू तालुक्यात पहिला पास झाला होता. सायकलीत जिल्ह्यात पहिला होता. तरी तू त्याला उलटून बोलला न्हाई. त्या दिवसापासून तू दुप्पट राबायला लागला, कोणी एक बोट दाखवू नये म्हणून. ते मी बघितलंय. त्याचं मला दुःख आहे.

पण भाऊ, हक्काच्या गोष्टीला सवलत म्हणायला तू कोणाकडून शिकलास? त्याच मास्तराकडून ना? त्यानं तुला मारलेला दगड तू इतकी सालं खिशात ठेवलास आन आता माझ्याकडं भिरकावलास.

सुनावणीची तारीख तातेरावांनी मागितली आहे. मी येणार. तू बी ये. कार्ड पाठवू नको.

सत्यशीला

•

आष्टी
४ डिसेंबर २००१

भाऊ,

सुनावणीत तू समोरच बसला होता, तरी मी सगळं लिहून काढणार आहे. तू पूर्ण वेळ टेबलाकडं बघत होता. जे तू बघितलं न्हाई ते तुला वाचावं लागंल.

जालन्याच्या मैदानावरची ती खोली. मधे अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडं ते मिशीवाले सभासद, डावीकडं तू. मी आन तातेराव सायकल घेऊन आत आलो. तू उठून उभा राहिला न्हाई. मला वाटलं होतं, निदान 'आलीस का' म्हणशील.

अध्यक्ष बरे होते. "बाई," म्हणाले, "सायकल म्हणजे माणसाच्या अंगातली ताकद. तिच्यात सेल कशाला पाहिजे?"

तातेरावांनी सायकल स्टँडवर चढवली. मागचं चाक वर. मी म्हणलं, "साहेब, तुम्हीच दाबा बटण."

त्यांनी दाबलं. काही झालं न्हाई. परत दाबलं. "बंद पडलंय का?"

"चालू आहे. आता मी पायडल फिरवते, मंग दाबा."

मी डाव्या हातानं पायडल फिरवलं, त्यांनी बटण दाबलं, टिक झालं आन चेन वरच्या चकतीवर चढली. अध्यक्ष खुर्चीतून उठून खाली वाकले, परत दाबून बघितलं, लहान पोरासारखं.

"सेल नुसता निरोप सांगतो, साहेब," मी म्हणलं. "गियर हलवायची ताकद चेनमधून येते आन चेन माझ्या पायांनी फिरते. मी पाय थांबवले की तुमच्या बॅटरीला बिलकुल काही येत न्हाई. चाक फिरवायला मोटर सापडली तर मला आत्ता बाहेर काढा."

अध्यक्षांनी मान हलवली. सगळं बराबर चाललं होतं. तेवढ्यात मिशीवाले खुर्चीत मागं रेलले आन हसत म्हणाले, "म्हणजे आता सायकलीत बी आरक्षण आलं म्हणायचं."

खिडकीशी उभे होते ते दोघं-तिघं हसले.

मी तुझ्याकडं बघितलं. मी कोणाकडं बघणार होते? तुझ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तू पेन्सिल उचलली आन तिला टोक काढायला लागला. टोक आधीच होतं. सालपटं टेबलावर पडत राहिली आन तू ती बोटानं एका बाजूला गोळा करत राहिला.

बोलले तातेराव. तातेराव, ज्यांना या शब्दाचा चटका कधी बसला न्हाई, ज्यांच्या सात पिढ्या पाटलाच्या ओसरीवर बसल्या. "साहेब, हे शब्द मागं घ्या," म्हणाले. "न्हाई घेतले तर जिल्हा संघ या खोलीतून उठून जाईल." मिशीवाल्यांनी हसतच हात जोडले, गंमत केली म्हणाले. माझी माफी मागितली न्हाई. तातेरावांची मागितली.

अध्यक्षांनी मला परवानगी दिली. या एका रेसपुरती. वर एक अट घातली, की रस्त्यात गियर बिघडला तर सायकल बदलून मिळणार न्हाई, थांबायची मुभा न्हाई, आन कोणी हात लावला तर मी बाद. ही अट लिहून कोणी काढली? तू. तुझं अक्षर मला लांबूनच ओळखू येतं. 'कोणीही हात लावल्यास' याच्याखाली तू रेघ ओढली.

बाहेर आल्यावर तू मायसाठी स्वेटर आणला होता तो तातेरावांच्या हातात दिला. मी तिथंच उभी होते. सायकल धरून. मंग तू रिक्षात बसला.

मायनं स्वेटर अंगात घातला. विचारलं, "देवा काय म्हणला?" मी म्हणलं, थंडीला जप म्हणला. तुझ्यापायी मी मायशी खोटं बोलले, हे बी लिहून ठेवते.

तू हसला न्हाईस, हे मला कळतं. पण न हसणं म्हणजे बोलणं न्हाई, भाऊ.

सत्यशीला

•

आष्टी
१४ जानेवारी २००२

भाऊ,

गाडीतून का उतरला?

हे मला आधी सांग. बाकीचं मंग. आज दोन दिवस झाले, माझे गुडघे सुजलेत, उठता-बसता माय तेल लावते आन मी तेवढंच विचारून राह्यले. पंचाच्या गाडीतून, बिल्ला लावलेला कोट घालून, अख्ख्या रेससमोर तू का उतरला?

राज्याच्या रेसला भोकरदनहून निघालो तेव्हा सगळं चांगलं होतं. थंडी होती, बोटांना वारा लागत होता, म्हणजे जी आहेत त्यांना. बटण प्रत्येक वेळी ऐकत होतं. पुढच्या चौघींत मी होते. त्या तिघी पुण्या-सांगलीच्या, पायात नवे बूट, आपसात बोलून राह्यल्या होत्या. एकीनं मला विचारलं, "ताई, तुमचा हात दुखत नाही का?" मी म्हणलं, दुखायला उरला किती? ती हसली. चांगली पोरगी होती.

धावड्याच्या अलीकडं चढ सुरू झाला. आधीच्या सपाटीवर मी जड गियर घेतला होता. आता हलका पाहिजे. बटण दाबलं. टिक न्हाई. परत दाबलं. न्हाई. त्या तिघींनी खटके मारले, त्यांच्या चेन खडखड करून वर चढल्या आन त्या माझ्यासमोरून अशा निघून गेल्या जसं काही मी रस्त्याच्या कडेला उभी होते.

जड गियरवर चढ काय असतो ते तुला सांगायची गरज न्हाई. सीटवरून उठून एकेका पायडलवर सगळं अंग टाकत होते. कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. एक म्हातारी ओरडली, "उतर ना बाई, ढकलत ने!" मागून दुसऱ्या पोरी आल्या, त्या बी गेल्या.

आन मंग तुझा आवाज. "सत्ये! उतर!"

सत्ये. कवाचं नाव ते.

मान वळवून बघितलं तर तू माझ्या शेजारी पळत होता. "उतर, चेन हातानं टाकून देतो. एका मिनिटाचं काम आहे!"

"हात लावू नको!"

"गुडघे जातील तुझे!"

"हात लावला तर बाद होईन. तूच लिहिलंय!"

"मी लिहिलंय तर मीच खोडतो!"

"कोणाच्या हुकमानं खोडतो? गाडीत बस!"

तू गाडीत बसला न्हाई. तू हात पुढं केला, सीटच्या मागं, लहानपणी धरायचा तिथं. मी तुला शिवी दिली. कोणती दिली ते मायला सांगू नको. तू हात मागं घेतला. पण पळायचं थांबला न्हाईस. मिशीवाले गाडीतून हॉर्न वाजवायला लावून राह्यले होते, "साहेब, काय चाललंय!" आन तू या वयात, ते पोट घेऊन, चढावर माझ्या बाजूनं पळत होता. आन तेव्हा मला दिसलं. तू माझ्या हाताकडं बघत होता. मी अर्ध्या बोटानं अजून बटण दाबतच होते. लागंल कधी तरी म्हणून. प्रत्येक पायडलला एकदा. तू ते बघत होता आन तुझं तोंड उघडं होतं.

मला तेव्हा तुझी दया आली न्हाई. राग आला. चार सालं लागली का रे तुला एवढं बघायला? त्याच्यासाठी मला धावड्याच्या चढावर फुटावं लागलं?

वर पोचले. उतारावर तोच जड गियर कामाला आला, दोघींना मागं टाकलं. पाचवी आले. चौघीजणीच राज्यातून पुढं जाणार होत्या. माझ्या पुढची पोरगी मला समोर दिसत होती, इतकी जवळ.

रेस संपल्यावर जे झालं ते मला तातेरावांनी सांगितलं असं मी मायला सांगितलं. खरं तर मी पाठ करून पाणी पीत होते आन मला शब्दन् शब्द ऐकू आला. मिशीवाले म्हणाले, "का हो, उतरली ना बॅटरी? आम्ही सांगत होतो." आन तू म्हणाला, "मागच्या साली तुमच्या पोरीची तार तुटली. तिनं निम्म्यातून रेस सोडली. तेव्हा तारेवर बंदी घाला असं कोणी म्हणलं का?"

ते म्हणाले, "अहो, तुम्हीच तर हरकत घेतली होती."

"घेतली होती. चुकलो. आन त्या दिवशी तुम्ही आरक्षणाचं जे बोलला ना, ते आता परत बोला. माझ्या तोंडावर बोला."

त्यांनी चहाची हाक दिली. कोणीतरी चहा आणला.

बरं केलं. पण हेच त्या खोलीत बोलला असता तर? तेव्हा मी एकटी उभी होते, भाऊ. धावड्याला माझ्यासोबत कापूस वेचणाऱ्या बाया तरी होत्या.

त्या दिवशी बी तू मला न भेटता गेला. का ते मला ठाऊक आहे. मी शिवी दिली म्हणून न्हाई.

सत्यशीला

•

आष्टी
३ फेब्रुवारी २००२

भाऊ,

आज तातेराव परत शाळेत आले. परत टोपी हातात. मी म्हणलं आता काय रद्द झालं?

"देवानंदनी समितीचा राजीनामा दिला," म्हणाले. "लिहिलं, की मी पंच म्हणून पक्षपात केला, रस्त्यात स्पर्धकाच्या बाजूनं पळालो, मला त्या जागेवर बसायचा हक्क न्हाई."

तातेरावांना वाटलं मला भरून येईल. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना वाटलं मी म्हणीन, कसा माझा भाऊ, किती सच्चा. मी म्हणलं, "पळाला का परत?"

अरे, काय चालवलंय तू? दवाखान्यातून पळाला. सुनावणीत खुर्चीवर बसून पळाला. आन आता जिथं तुझी खरी गरज आहे तिथून कायमचा पळालास, वर त्याला इमानदारी म्हणतोस. लोकांनी बोट दाखवायच्या आधी स्वतःच स्वतःला दाखवून मोकळा झालास. तुझ्या जागेवर आता कोण बसणार ते तातेरावांनी सांगितलं. मिशीवाल्यांचे साडू. झालं समाधान?

मला परवानगी एका रेसपुरती होती, ते तुझ्या ध्यानात आहे का? पुढच्या साली मला परत तिथंच उभं राहायचं आहे. परत सायकल स्टँडवर चढवायची, परत बटण दाबून दाखवायचं, परत कोणाची तरी गंमत ऐकून घ्यायची. नियम अजून कुठंच लिहिलेला न्हाई. हात नसलेल्या माणसानं गियर कसा टाकायचा, याच्याबद्दल एक ओळ न्हाई. ती ओळ कोण लिहिणार? साडू लिहिणार?

गियरचं म्हणशील तर तो आता पार गेला. तातेरावांनी फ्रेंच साहेबांना लिहिलं, उत्तर आलं की त्याचे भाग बनणंच बंद झालं, त्याला विहिरीत टाका. न्हाई टाकणार. जालन्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं देऊन बघते. न्हाई झाला तर दुसरं काही शोधीन. तार जमली तर तार. पायानं टाकता आला तर पायानं टाकीन, दातानं टाकीन. काय बसवायचं ते मी बघते. ते चालवून घ्यायला आत एक माणूस पाहिजे आन तो बाहेर बसून पस्तावा करून राह्यलाय.

तू पक्षपात केला न्हाई. मी हात लावू नको म्हणलं आन तू लावला न्हाई. पळायला नियमात कुठं बंदी आहे? दाखव मला. तूच तर नियमांचा पक्का.

राजीनामा अजून मंजूर झालेला न्हाई. अध्यक्ष म्हणाले, महिनाअखेरपर्यंत मागं घेता येतो. त्यांनाच तो नको आहे. तातेरावांना त्यांनी सांगितलं, बाईला म्हणावं, भावाला समजवा. म्हणून समजावून राह्यले. मला याच्याहून गोड बोलता येत न्हाई.

माय म्हणते, देवाला लिही, घरी ये म्हणावं, हुरडा संपायच्या आत ये. ती माय आहे, ती म्हणंल. मी म्हणत न्हाई. मी म्हणते आधी त्या हापिसात जा, राजीनामा मागं घे आन तुझ्या खुर्चीवर जाऊन बस. मंग आष्टीची गाडी पकड. घरी आल्यावर मला तुला अजून पुष्कळ बोलायचं आहे, ते असं कागदावर मावत न्हाई.

सत्यशीला